महाविद्यालयीन फॉरवर्ड एनबीएसाठी कसा पारखावा?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा कळला. अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉलमध्ये सामन्यामागे वीस-बावीस गुण मिळवणारा फॉरवर्ड (बास्केटजवळ आणि कडेला खेळणारा उंच खेळाडू) एनबीएच्या, म्हणजे तेथील व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) मागे पडतो, कधी निवडलाच जात नाही, आणि त्याच वर्षी नऊ-दहा गुणांची सरासरी असलेला दुसरा फॉरवर्ड पहिल्या पाचांत जातो. मग ही पारख नेमकी कशाची होते, आणि घरी बसून सामने पाहणाऱ्याला ती करता येईल का? २०२० च्या ड्राफ्टचे उदाहरण आपण दिले आहे. डेटन विद्यापीठाचा ओबी टॉपिन २० गुणांची सरासरी आणि वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान घेऊन आला व आठव्या क्रमांकावर निवडला गेला, तर फ्लोरिडा स्टेटकडून राखीव खेळाडू म्हणून उतरणारा आणि ९.२ गुणांची सरासरी असलेला पॅट्रिक विल्यम्स चौथा गेला. मी गेली सोळा वर्षे महाविद्यालयीन सामने पाहून खेळाडूंचे अहवाल लिहीत आलो आहे आणि त्यातील बराच काळ माझ्याकडे फॉरवर्डच सोपवलेले होते, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

सामन्यामागे मिळवलेले गुण हा आकडा खेळाडूच्या कौशल्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या संघातील स्थानाबद्दल बोलतो. महाविद्यालयात तो संघातील पहिला खेळाडू असतो. चाली त्याच्यासाठी आखलेल्या असतात, चेंडू फिरून त्याच्याकडेच येतो, आणि दोन शॉट हुकले तरी तिसरा त्यालाच मिळतो. एनबीएत तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघात अशी मुभा एकाला, फार तर दोघांना मिळते. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत मिळून साधारण साठ खेळाडू निवडले जातात. त्यांपैकी जे फॉरवर्ड त्या लीगमध्ये टिकतात, त्यांतील बहुतेक जण मैदानावरील पाचांतले तिसरे, चौथे किंवा पाचवे म्हणून टिकतात. त्यामुळे अहवाल लिहिताना मी पहिला प्रश्न घालतो तो असा, की याच्या हातून चेंडू काढून घेतला तर याच्याकडे काय उरते. पुढचे सारे मुद्दे याच प्रश्नाच्या पोटात येतात.

ॲडम मॉरिसनचे उदाहरण या व्यवसायात अजूनही सांगितले जाते. २००५-०६ च्या हंगामात गोंझागा विद्यापीठाकडून त्याने सामन्यामागे २८.१ गुण मिळवले. देशात त्या वर्षी त्याच्याहून अधिक सरासरी कोणाची नव्हती. एनबीएतील शार्लट संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. पहिल्या हंगामात त्याची सरासरी ११.८ गुणांची होती, पण मैदानातून घेतलेल्या शॉटपैकी केवळ ३७.६ टक्के आत गेले, आणि दुसरा हंगाम गुडघ्याच्या दुखापतीने पूर्ण वाया गेला. दुखापतीचा भाग सोडून दिला तरी अडचण पहिल्याच वर्षी दिसली होती. महाविद्यालयात अवघड शॉट घेण्याचा त्याला जो परवाना होता, तोच त्याच्या खेळाचा पाया होता; अधिक लांब हातांचे आणि अधिक चपळ बचावपटू समोर आल्यावर ते शॉट आणखी अवघड झाले, आणि ते पडेनात तेव्हा संघाला दुसरे काही देण्यासारखे त्याच्यापाशी फारसे नव्हते.

याच्या उलट टोकाला ड्रेमंड ग्रीन आहे. मिशिगन स्टेटमध्ये तो चारही वर्षे खेळला आणि शेवटच्या हंगामात त्याची सरासरी १६.२ गुण, १०.६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) आणि ३.८ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी होती. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये गोल्डन स्टेटने आधी सातव्या क्रमांकावर नॉर्थ कॅरोलायनाचा फॉरवर्ड हॅरिसन बार्न्स घेतला आणि ग्रीनला पस्तिसाव्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत. बार्न्स ही चूक मुळीच नव्हती. तो दीर्घकाळ टिकलेला, भरवशाचा खेळाडू ठरला. ग्रीनबद्दलची शंका सर्वांना ठाऊक होती: उंची जेमतेम साडेसहा फूट, त्यामुळे बास्केटजवळ झुंजणारा पॉवर फॉरवर्ड म्हणून ठेंगणा आणि कडेला खेळणारा चपळ स्मॉल फॉरवर्ड म्हणून मंद. पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे २.९ गुण मिळाले, म्हणजे शंका घेणाऱ्यांना आपण बरोबर होतो असेच वाटले असणार. पण ३.८ असिस्ट हा आकडा फॉरवर्डच्या मानाने विलक्षण होता आणि हातांचा विस्तार सात फुटांहून जास्त होता. चेंडू हाती आल्यावर दुसऱ्याच क्षणी तो कोणाकडे जावा हे त्याला कळत होते, आणि बचावात आपल्या सहकाऱ्याची चूक होण्याआधीच तो तिथे पोहोचत होता. हे दोन्ही गुण असे आहेत की त्यांसाठी कोणत्याही प्रशिक्षकाला वेगळी चाल आखावी लागत नाही. २०१५ च्या अंतिम मालिकेत चौथ्या सामन्यापासून गोल्डन स्टेटने उंच सेंटर बाकावर बसवून ग्रीनलाच मधल्या जागेवर खेळवले आणि मालिका जिंकली. २०१७ मध्ये तो वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आता शॉटबद्दल, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात, आणि माझ्याही झाल्या आहेत. आजच्या एनबीएत ज्या फॉरवर्डला थ्री-पॉइंट (लांबच्या रेषेपलीकडून मारलेला तीन गुणांचा शॉट) मारता येत नाही, त्याला बचावपटू मोकळा सोडून देतात आणि स्वतः बास्केटखाली जाऊन उभे राहतात. त्यामुळे त्या एका माणसाच्या उणिवेने उरलेल्या चौघांची वाट अडते. म्हणून शॉट पडेल की नाही हा प्रश्न टाळता येत नाही. पण त्याचे उत्तर महाविद्यालयातील थ्री-पॉइंटच्या टक्केवारीत शोधणे धोक्याचे आहे. कारण साधे आहे: फॉरवर्ड एका हंगामात सत्तर, नव्वद, फार तर दीडशे थ्री-पॉइंट मारतो, आणि एवढ्या थोड्या प्रयत्नांतून आलेली टक्केवारी नशिबाच्या हेलकाव्यांनी सहज पाच टक्के वर किंवा खाली जाते. नव्वद प्रयत्नांत ३८ टक्के मारणारा खेळाडू प्रत्यक्षात ३० टक्क्यांचाही असू शकतो आणि ४५ टक्क्यांचाही. गणित त्यापलीकडे काही ठामपणे सांगू देत नाही.

२०११ चा डेरिक विल्यम्स हा यातला सर्वांत ठळक दाखला आहे. ॲरिझोना विद्यापीठात दुसऱ्या वर्षी त्याने ७४ पैकी ४२ थ्री-पॉइंट मारले, म्हणजे ५६.८ टक्के. तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, आणि एनबीएतील त्याची एकूण थ्री-पॉइंट टक्केवारी तिशीच्या आसपासच राहिली. त्याच ड्राफ्टमध्ये सॅन डिएगो स्टेटचा क्वाय लेनर्ड पंधरावा गेला. त्याने त्या हंगामात २९.१ टक्केच थ्री-पॉइंट मारले होते, म्हणून अनेकांनी त्याच्या नावापुढे ‘शॉट नाही’ असे लिहून पान उलटले. इंडियानाने त्याला निवडून त्याच रात्री सॅन अँटोनिओकडे दिले आणि बदल्यात जॉर्ज हिल घेतला. सॅन अँटोनिओच्या शूटिंग प्रशिक्षकांनी त्याच्या शॉटवर, चेंडू कुठून उचलायचा आणि कुठे सोडायचा यावर, काम केले, आणि पहिल्याच हंगामात तो ३७ टक्क्यांच्या वर गेला.

मग विसंबावे कशावर? माझा पहिला आधार फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट. पंधरा फुटांवरून, समोर कोणी नसताना, प्रत्येक वेळी त्याच जागेवरून मारलेला तो शॉट असतो, त्यामुळे त्यात खेळाडूच्या हाताची खरी जात दिसते. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर दोन फॉरवर्ड पाठोपाठ गेले. ड्यूकच्या जेसन टेटमने ११७ पैकी ४० थ्री-पॉइंट मारले होते, म्हणजे ३४.२ टक्के, तर कॅन्ससच्या जॉश जॅक्सनने ३७.८ टक्के. या एका आकड्यावर जॅक्सन वरचढ वाटतो. फ्री थ्रोवर मात्र टेटम ८४.९ टक्के आणि जॅक्सन ५६.६ टक्के होता. पुढच्याच हंगामात टेटमने एनबीएत ४३.४ टक्के थ्री-पॉइंट मारले आणि जॅक्सन २६ टक्क्यांच्या आसपास राहिला. इतके स्वच्छ उत्तर दर वर्षी मिळत नाही. आदल्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाचा जेलन ब्राउन ६५.४ टक्के फ्री थ्रो आणि २९.४ टक्के थ्री-पॉइंट घेऊन आला होता. माझ्या कसोटीवर तो उतरला नसता, आणि तोच २०२४ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून फ्री थ्रोला मी पुरावा मानतो, निकाल मानत नाही.

दुसरा आधार म्हणजे तो थ्री-पॉइंट किती वेळा आणि कशा परिस्थितीत मारतो. जो मुलगा हात वर करून धावत येणाऱ्या बचावपटूसमोर न कचरता शॉट सोडतो, त्याचे ३४ टक्के हे केवळ पूर्ण मोकळा असतानाच मारणाऱ्याच्या ३९ टक्क्यांपेक्षा मला अधिक मोलाचे वाटतात. तिसरा आधार म्हणजे बास्केटजवळचे अलगद सोडलेले शॉट, डावा हात, फळीचा वापर; ज्याच्या बोटांत नजाकत आहे त्याची ती सहा फुटांवरही दिसते. अंतराचा मुद्दा पूर्वी मोठा होता, कारण २०१८-१९ पर्यंत पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांत थ्री-पॉइंटची रेषा २० फूट ९ इंचांवर होती. २०१९-२० पासून ती २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. एनबीएत कोपऱ्यातील अंतर २२ फूट आणि समोरून २३ फूट ९ इंच आहे, म्हणजे कोपऱ्यात उभा राहणारा फॉरवर्ड आता जवळजवळ त्याच अंतराचा सराव करून येतो. जुन्या खेळाडूंच्या टक्केवारीशी आजच्यांची तुलना करताना हे विसरू नये.

माझी चूक सांगतो. एका लहान विद्यापीठाच्या फॉरवर्डबद्दल, त्याचे नाव घेत नाही, मी लिहिले होते की दोन हंगामांत तीस टक्के मारणाऱ्याचा शॉट आता सुधारणार नाही. आकडा खरा होता. पण त्या संघात चेंडू पुढे नेणारा धड कोणी नव्हता, त्यामुळे आक्रमणाच्या वेळेतले चार-पाच सेकंद उरले की चेंडू त्याच्या अंगावर येई आणि त्याला दोन ड्रिबल घालून (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेऊन), तोल जात असताना शॉट घ्यावा लागे. मोकळ्या जागी उभे राहून, पास घेऊन मारलेले त्याचे शॉट मी वेगळे काढून मोजलेच नव्हते. ते दोन हंगामांत पन्नासही नव्हते, परंतु त्यांतील हाताची ठेवण आणि पायांची रचना निर्दोष होती. नंतर त्याने एनबीएत अनेक हंगाम काढले आणि त्यातला मोठा भाग कोपऱ्यात उभे राहून. त्या वर्षानंतर मी प्रत्येक फॉरवर्डचे शॉट, कोणत्या परिस्थितीत आले त्याप्रमाणे, स्वतःच्या हाताने वर्गवारी करून मोजतो. विकत मिळणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यांवर ते काम सोडत नाही.

बचावाकडे वळण्याआधी दोन खेळांतील नियमांचा फरक पाहिला पाहिजे, कारण तो डोळ्यांना फसवतो. महाविद्यालयात एका आक्रमणासाठी ३० सेकंद मिळतात, एनबीएत २४. बास्केटखालचा रंगवलेला पट्टा महाविद्यालयात १२ फूट रुंद असतो, एनबीएत १६. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एनबीएत बचावपटूला कोणाचाही पाठलाग न करता त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक उभे राहता येत नाही. महाविद्यालयात असा नियम नाही. याचा परिणाम दुहेरी होतो. आक्रमणात महाविद्यालयीन फॉरवर्ड बास्केटकडे घुसतो तेव्हा वाटेत दोन-तीन माणसे आधीच उभी असतात, त्यामुळे एनबीएतील मोकळ्या मैदानात जो सहज लेअप (बास्केटजवळून उडी घेत घातलेला शॉट) घालील तो येथे अडखळताना दिसतो आणि उगाच कमी लेखला जातो. बचावात मात्र हाच नियम दोष झाकतो. ज्याचे पाय बाजूला सरकत नाहीत तो उंच मुलगा बास्केटखाली खांबासारखा उभा राहून सामन्यामागे दोन शॉट अडवतो, आणि आकडे पाहणाऱ्याला तो उत्तम बचावपटू वाटतो.

एनबीएत त्याला कोणी उभे राहू देत नाही. तेथील संघ समोरच्या पाचांतील सर्वांत कच्चा बचावपटू हेरतात, तो ज्याला अडवत असेल त्यालाच स्क्रीन लावायला (बचावपटूच्या वाटेत आडवे उभे राहायला) बोलावतात, आणि बचावपटूंची अदलाबदल झाली की आपला सर्वांत तरबेज गार्ड (चेंडू पुढे नेणारा चपळ खेळाडू) पंचवीस फुटांवर, मोकळ्या जागेत, त्याच्यासमोर उभा करतात. म्हणून फॉरवर्डच्या बाबतीत माझा दुसरा प्रश्न असतो: हा कोणाला अडवील? ‘तीन वेगवेगळ्या जागांवरच्या खेळाडूंना अडवील’ असे उत्तर आले तर त्याचा शॉट मध्यम असला तरी चालतो. ‘कोणालाच नीट नाही’ असे आले तर त्याला महाविद्यालयात पंचवीस गुण मिळाले असले तरी त्याची जागा कठीण होते. हे ओळखण्यासाठी मी शॉट अडवल्याचे क्षण पाहत नाही. मी पाहतो ते कोपऱ्यातील नेमबाजाकडे धाव घेतानाची त्याची शेवटची तीन पावले. ती लहान होतात का, कंबर खाली जाते का, आणि नेमबाजाने शॉटचा आव आणून ड्रिबल घातला तर तो पुन्हा बाजूला वळू शकतो का. लांब उड्या मारत धावणारा आणि थांबू न शकणारा फॉरवर्ड एनबीएत प्रत्येक सामन्यात आठ-दहा वेळा ओलांडला जाईल.

काही संघांच्या पद्धतीमुळे हे पाहायलाच मिळत नाही. सिराक्यूज विद्यापीठ प्रशिक्षक जिम बोहाइम यांच्या काळात वर्षानुवर्षे २-३ पद्धतीचा झोन खेळत आले, आणि तेथील फॉरवर्ड एका ठरावीक भागाची राखण करीत. तेथून २०१० मध्ये वेस्ली जॉन्सन चौथ्या क्रमांकावर गेला आणि अपेक्षेइतका वाढला नाही. २०१४ मध्ये जेरामी ग्रँट एकोणचाळिसावा गेला आणि उत्तम बचावपटू व गुण मिळवणारा खेळाडू झाला. झोनमधील चित्रफितींवरून या दोघांत निवड करणे कठीणच होते. अशा वेळी खेळाडूला बोलावून घेतलेल्या खासगी चाचण्यांना इतर वेळेपेक्षा जास्त वजन द्यावे लागते.

रिबाउंडबद्दल फार लिहायचे नाही, कारण तेथे संभ्रम कमी आहे. महाविद्यालयातून एनबीएत जसाच्या तसा उतरणारा गुण कोणता असे मला विचारले तर मी रिबाउंडच म्हणेन. पॉल मिलसॅपने लुइझियाना टेककडून खेळताना सलग तीन हंगाम देशात सर्वाधिक रिबाउंडची सरासरी राखली. तरी २००६ मध्ये तो सत्तेचाळिसाव्या क्रमांकापर्यंत उरला, कारण विद्यापीठ लहान, प्रतिस्पर्धी दुबळे आणि उंची पॉवर फॉरवर्डसाठी कमी. यूटाने त्याला घेतले आणि पुढे तो चार वेळा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधील निवडक सर्वोत्तमांपैकी एक, झाला. प्रतिस्पर्धी दुबळे असतात तेव्हा गुणांच्या आकड्याकडे संशयाने पाहावे. पण तीन-तीन वर्षे प्रत्येक चेंडू कुठे पडणार हे ज्याला इतरांआधी कळते, त्याचे ते कळणे प्रतिस्पर्धी बदलल्याने नाहीसे होत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: सामन्यामागचे रिबाउंड न मोजता, तो मैदानात असताना उपलब्ध झालेल्या रिबाउंडपैकी किती त्याने घेतले ते मोजावे, कारण संथ खेळणाऱ्या संघात मुळात शॉटच कमी हुकतात.

मोजमापांचा फार गवगवा होतो. मे महिन्यात शिकागोत होणाऱ्या चाचणी-शिबिरात अनवाणी उंची, हातांचा विस्तार, उभ्याने हात वर केल्यावरची पोहोच, उडी आणि चपळाई मोजली जाते. विद्यापीठे आपल्या खेळाडूंची उंची सढळ हाताने लिहितात, त्यामुळे दोन इंचांची काटछाट होणे नवे नाही. फॉरवर्डसाठी मला उंचीपेक्षा पोहोच आणि विस्तार महत्त्वाचे वाटतात. लेनर्डचा विस्तार सात फूट तीन इंच होता आणि पंजा त्याहून बोलका. ताकदीचा आकडा मात्र मी जवळजवळ बाजूला ठेवतो. २००७ मध्ये टेक्सासचा केव्हिन ड्युरंट १८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८४ किलोंचे वजन छातीवरून एकदाही उचलू शकला नाही. तो दुसरा निवडला गेला, आणि २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. एकोणीस वर्षांच्या मुलाचे खांदे भरतात, हात लांब होत नाहीत.

वयाचा मुद्दा येथूनच पुढे येतो. २००६ पासून अमेरिकी खेळाडूला ड्राफ्टच्या वर्षात एकोणीस पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा संपून एक वर्ष जावे लागते. बावीस वर्षांच्या तरुणाने अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांविरुद्ध केलेले वर्चस्व निम्मे शरीराचे असते. टॉपिन निवडला गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि विल्यम्स एकोणीस. आपल्या उदाहरणातील चौथ्या आणि आठव्या क्रमांकाचे अर्धे उत्तर हे आहे, आणि उरलेले अर्धे बचावात. (पुढील वर्षांनी विल्यम्सची ती निवड फारशी सार्थ ठरवली नाही, हेही मान्य केले पाहिजे, वय ही संधी असते, हमी नसते.) कूपर फ्लॅगने २०२४-२५ चा हंगाम ड्यूककडून सुरू केला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, २१ डिसेंबरला अठराचा झाला, आणि त्या वयात १९.२ गुण, ७.५ रिबाउंड, ४.२ असिस्ट अशी सरासरी राखून २०२५ मध्ये डॅलसकडून पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष वाटते. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची आणि विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, त्यामुळे बावीस-तेवीस वर्षांचे मुरलेले खेळाडू आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने महाविद्यालयात थांबतात. म्हणजे आजचा अठरा वर्षांचा मुलगा प्रौढांविरुद्ध खेळतो, आणि त्याच्या आकड्यांना दहा वर्षांपूर्वीच्या त्याच आकड्यांपेक्षा अधिक किंमत दिली पाहिजे.

त्याचबरोबर वयस्कर खेळाडूला तुच्छ लेखणेही आता चुकीचे ठरते. पहिल्या फेरीतील खेळाडूला दोन वर्षांच्या पगाराची हमी असते आणि तिसऱ्या व चौथ्या वर्षाचा निर्णय संघाच्या हाती राहतो. ही चार वर्षे संघाला तो स्वस्तात मिळतो. एकोणीस वर्षांचा मुलगा अनेकदा हे चौथे वर्ष संपता संपता उपयोगी होऊ लागतो, आणि तेव्हा त्याला पूर्ण मोल द्यावे लागते. बावीस वर्षांचा तयार फॉरवर्ड मात्र पहिल्याच वर्षापासून वीस मिनिटे खेळतो. म्हणून जिंकण्याच्या बेतात असलेले संघ पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात मुद्दाम असे खेळाडू घेतात, आणि त्यात त्यांचा हिशेब पक्का असतो.

दोन गोष्टी बाहेरून दिसत नाहीत, त्या सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे क्रमांक हा त्या वर्षीच्या इतरांच्या तुलनेत असतो. २०१३ मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगस शाखेचा अँथनी बेनेट १६.१ गुण आणि ८.१ रिबाउंडच्या सरासरीवर पहिला निवडला गेला. त्या वर्षी पहिल्या क्रमांकासाठी ठाम दावेदार कोणी नव्हता. निवडीआधी त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, उन्हाळ्याचा सराव बुडाला, आणि पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे ४.२ गुण मिळाले. वीस वर्षांच्या त्या मुलावर जे ओझे पडले ते त्या क्रमांकाचे होते, आणि तो क्रमांक त्याने मागितलेला नव्हता. दुसरी गोष्ट वैद्यकीय. मिझुरीचा मायकेल पोर्टर ज्युनिअर पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे महाविद्यालयात फक्त तीन सामने खेळला, शाळेत असताना देशातील अव्वल खेळाडूंत गणला जाऊनही २०१८ मध्ये चौदाव्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि डेन्व्हरने घेतल्यावर पहिला हंगाम पूर्ण बाहेर बसला. २०२३ मध्ये डेन्व्हरने विजेतेपद मिळवले तेव्हा तो सुरुवातीच्या पाचांत होता. आधी निवड करणाऱ्या संघांच्या डॉक्टरांनी काय वाचले आणि डेन्व्हरच्या डॉक्टरांनी काय वाचले, हे घरी बसून कळण्याचा मार्ग नाही.

घरी बसून जे करता येते ते असे. एका खेळाडूचे निदान चार पूर्ण सामने पाहावेत, निवडक क्षणांच्या फिती पाहू नयेत, आणि त्या चारांत दोन सामने बलाढ्य विद्यापीठांविरुद्धचे असावेत. मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेतील एखाद्या झंझावाती आठवड्याला बाकीच्या हंगामापेक्षा जास्त वजन देऊ नये. पहिल्या सामन्यात चेंडूकडे पाहणे कटाक्षाने टाळून केवळ त्या एका खेळाडूकडे पाहावे: चेंडू दुसऱ्या बाजूला असताना तो सरकतो की हात कमरेवर ठेवून उभा राहतो, तोंडाने सहकाऱ्यांना जागा सांगतो की गप्प असतो. दुसऱ्या सामन्यात त्याला मिळालेला प्रत्येक पास टिपावा आणि शॉट, पास की ड्रिबल हा निर्णय त्याने चेंडू हाती येताक्षणी घेतला की थांबून, एवढेच लिहावे. थांबून विचार करणाऱ्या फॉरवर्डला एनबीएत तेवढ्या वेळात दुसरा बचावपटू येऊन भिडतो. तिसऱ्या सामन्यात फक्त त्याचा बचाव पाहावा, आणि चौथा सामना असा निवडावा ज्यात तो वाईट खेळल्याचे आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्या सामन्यात त्याचे पहिले तीन शॉट हुकल्यानंतरची पाच मिनिटे दोनदा पाहा. तो धावत परत येतो का, रिबाउंडसाठी अंगावर घेतो का, पुढचा मोकळा शॉट न घाबरता मारतो का, हे टिपून घ्या. अंतिम गुणसंख्या त्यानंतर पाहिली तरी चालेल.